आधी खुंटी, मग आकाश

मिलिंद,

आपलं भांडण पूर्णेच्या पुलापाशी तुटलं. तू खामगावहून संग्रामपूरला निघाला होतास, मायला भेटायला, आणि शेगाव सोडल्यापासून फोनवर माझ्याशी हुज्जत घालत होतास. मी पुण्यात, संस्थेच्या कँटीनच्या पायरीवर बसून तुला उत्तरं देत होते. एसटीच्या खिडक्यांचा खडखडाट मधूनमधून तुझा आवाज खाऊन टाकत होता. शेवटी तू म्हणालास, "आयक व रेखा, तुले थे मघावाली घ्याचीच असन न, त मंग..." आणि रेंज गेली. त्या पुलापाशी ती नेहमीच जाते. मला हसू आलं. आता हा मायच्या हातचा चहा पिऊन, ताजातवाना होऊन पुन्हा भांडणार, असं म्हणत मी कामाला लागले. संध्याकाळी तुझा निरोप आला: पोचलो, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला छातीत कळ आली आणि शेगावच्या दवाखान्यापर्यंतही तू पोचला नाहीस. तुझ्या वंदनानं फोनवर एवढंच सांगितलं. मी पुढचं काही विचारलं नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात तुझं ते अर्धं वाक्य अडकून बसलंय. त मंग काय, मिलिंद? तीस वर्षं माझ्याशी बोललास, एकदाही गप्प बसला नाहीस, आणि नेमकं हेच अर्धवट ठेवलंस.

रागावले आहे मी तुझ्यावर. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला सोपं जाईल.

आपलं भांडण काय होतं हे तुला सांगायची गरज नाही. पण हे वंदना वाचणार आहे आणि तिनं मला बजावलंय, "मले समजन असं लिहजो. ह्या मानसानं आख्खं आयुष्य त्याच्यात घातलं, पन मले कधी धड सांगतलं नाही." तेव्हा तू जरा कळ काढ, मी तिला सांगते.

वंदना, फार दूरच्या काही दीर्घिकांच्या मध्यभागी अवाढव्य कृष्णविवरं असतात. आसपासचा वायू गिळता गिळता त्यातली काही इतकी खवळतात, की भोवतालचे कण भयंकर वेगानं बाहेर फेकले जातात. अशा दीर्घिकांना आम्ही सक्रिय म्हणतो. ते कण पृथ्वीपर्यंत येतात, पण ज्यांच्या अंगात विद्युतभार असतो ते वाटेतल्या चुंबकक्षेत्रांमुळे वळत वळत येतात, आपल्या एसटीसारखे, प्रत्येक फाट्यावर आत शिरत. ते आले कुठून हे सांगता येत नाही. न्यूट्रिनो नावाचा एक कण मात्र भाररहित आहे. तो सरळ येतो. त्याची दिशा कळली, की उलट पावली चालत जाऊन त्याचं घर गाठता येतं. अडचण एकच, तो कशालाच धडकत नाही. पृथ्वीतूनही आरपार जातो. म्हणून दक्षिण ध्रुवावर बर्फात खोलवर हजारो प्रकाशसंवेदक सोडून ठेवले आहेत. अब्जावधींतून एखादा बर्फातल्या अणूला धडकतो, निळसर उजेडाची एक रेघ उमटते आणि त्या रेघेवरून दिशा मिळते. तिथं सापडणाऱ्या कणांपैकी बहुतेक आपल्याच वातावरणात तयार झालेले असतात. दूरचे पाहुणे फार थोडे. आजवर अशी एक-दोनच घरं बऱ्यापैकी खात्रीनं सापडली आहेत, एक मृगाच्या बाजूला आणि एक तिमिंगल तारकासमूहात. मिलिंदला आणि मला आणखी घरं शोधायची होती.

मिलिंद, आपण दोघं त्या वेधशाळेचे कोणी नव्हतो. पण त्यांची आकडेवारी जगाला खुली आहे. शनिवारी दुपारी खामगावला तुझ्या कॉलेजच्या संगणकखोलीत, कापसाच्या जिनिंगच्या धुळीनं पंखे गच्च झालेल्या त्या खोलीत, तू आणि तुझे एमएस्सीचे विद्यार्थी आणि पडद्यावर पुण्याहून मी, एवढाच आपला प्रकल्प. मोठमोठ्या गटांपुढे आपण कोण, असं मी एकदा म्हटलं होतं. तू म्हणालास, "कन त्याइले इचारून येते का बर्फात?"

तू पुण्याला व्याख्यानाला आला होतास ते आठवतं. "हा कन कुठून येऊन राह्यला हे आपन शोधून राह्यलो," असं तू सुरुवातीलाच म्हणालास आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. माझे कान तापले. तू थांबलास, त्या रांगेकडे पाहून तोंडभर हसलास आणि अख्खा तासभर 'येऊन राह्यला, जाऊन राह्यला' करत बोललास. मला माहीत होतं की तुला प्रमाण मराठी उत्तम येते, कॉलेजात वक्तृत्वाची ढाल तूच आणायचास. शेवटी त्याच मागच्या रांगेतून सगळ्यात जास्त प्रश्न आले. परतीच्या रिक्षात मी तुला म्हटलं, मुद्दाम केलंस ना? तू खिडकीबाहेर पाहत होतास. त्या दिवशी मला तुझा किती अभिमान वाटला हे मी बोलले नाही. आता बोलते आहे.

मला आज खुंटीबद्दल बोलायचं आहे, कारण आपलं सगळं तिथून सुरू झालं.

आपण बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तू संग्रामपूरहून एसटीत बसायचास, मी वरवट बकालला चढायचे, आणि तू खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायचास. सुट्टीत एकदा माझी पुस्तकं परत द्यायला तू आमच्या गावी आलास. नेमका त्याच दिवशी काकाच्या वावरात पाणाड्या आला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाबांधानं फिरत होता. आपल्या त्या खारपाणपट्ट्यात गोडं पाणी लागणं म्हणजे लॉटरीच, त्यामुळे अर्धं गाव त्याच्या मागं. एका जागी नारळ उभा राहिला. म्हातारा म्हणाला, हीच जागा. काकानं मान डोलावली. सगळे घरी जेवायला निघाले. तू एकटाच उभा राहिलास आणि म्हणालास, "इथी खुंटी ठोका न. बोअरवाला येईन तवा जागा कोन सांगन?"

काका वळला. "तू कोन रे आमाले सांगनारा?" तो म्हणाला. त्या वाक्याचा अर्थ तुलाही कळला आणि मलाही. आमच्या वावरात उभं राहून आम्हाला शहाणपण सांगणारा पोरगा कोणत्या वस्तीतला हे काकाला चांगलं माहीत होतं. गोठ्यापाशी बैल बांधायची एक जुनी खुंटी पडली होती, ती आणलीस आणि दगडानं ठोकून जमिनीत गाडलीस. मग हात झटकून माझी पुस्तकं माझ्या हातात दिलीस.

बोअरची गाडी आली तेव्हा तिला त्या कोपऱ्यात वळायला जागा नव्हती. ड्रायव्हरनं ती बांधाच्या अलीकडे, सोयीच्या ठिकाणी उभी केली आणि तिथंच भोक पाडलं. पाणी लागलं. पाणाड्या पुढं सरसावून म्हणाला, "म्या हेच त म्हनलं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकानं त्याला टोपी-उपरणं दिलं. बांधाच्या पलीकडे तुझी खुंटी उघडी उभी होती आणि तिच्याकडे बघायला कोणी तयार नव्हतं. पुढं ते पाणीही खारटच निघालं, हा भाग वेगळा.

पुढे आपण न्यूट्रिनोंच्या मागं लागलो तेव्हा तुझ्या कामाची सगळी रीत त्या खुंटीतून आली. आकाशाकडे बघण्याआधी नियम ठरवायचे. गॅमा किरणांत अमुक इतक्या तेजस्वी असलेल्या सक्रिय दीर्घिका घ्यायच्या, त्याखालच्या सोडायच्या. मग आलेल्या कणांच्या दिशा मुद्दाम विस्कटायच्या, हजारो वेळा खोटं आकाश तयार करायचं आणि निव्वळ योगायोग काय काय नाटकं करतो ते पाहून ठेवायचं. हे सगळं पक्कं झाल्यावरच खऱ्या दिशा लावून बघायचं. त्याला आपण पेटी उघडणं म्हणायचो. मोठ्या गटांत त्या पेटीला खरोखरच कुलूप असतं. आपल्या पेटीला नव्हतं. आकडे जगजाहीर, कोणीही केव्हाही पाहावेत. तुझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानंही चोरून पाहिलं असतं तर आपल्याला कळलं नसतं. तू त्यांना एवढंच सांगितलं होतंस, "खुंटी ठोकल्याबिगर पाह्याचं नाही." आणि मला खात्री आहे की कोणी पाहिलं नाही.

पाहिलं ते आपण दोघांनी, आणि तेही न शोधता. एखादा फार ताकदीचा कण बर्फात उमटला की ती वेधशाळा सगळ्यांना ताबडतोब इशारा पाठवते. तसा एक इशारा आला. दिशा मघा नक्षत्राजवळची. मी सहज नकाशा लावला, तर त्या जागी अगदी जवळ एक सक्रिय दीर्घिका, आणि तीही त्याच महिन्यात गॅमा किरणांत भडकलेली. तिला नाव नाही, नुसता आकड्यांचा क्रमांक आहे, म्हणून आपण तिला मघावाली म्हणायला लागलो. मघावाली आपल्या यादीत नव्हती. आपण ठरवलेल्या रेघेच्या ती जरासं खाली होती. केसभर म्हणावं इतकंच.

मी म्हटलं, रेघ थोडी खाली घेऊ. ती रेघ काही देवानं आखली नव्हती. तुझ्या घरी जेवताना, वंदनानं भाकरी वाढेपर्यंत आपण ती ठरवली होती, एक सोयीचा गोल आकडा धरून. निसर्गाला आपली रेघ माहीत नाही. एखादं खरं घर निव्वळ आपल्या गोल आकड्यापायी दाराबाहेर राहत असेल तर तो काटेकोरपणा कसला, हट्टच की.

तू म्हणालास, "निसर्गाले माहीत नाही, पन आपल्याले त माहीत हाये न."

मी अजूनही म्हणेन की माझा मुद्दा खुळचट नव्हता. रेघ खरंच मनमानी होती. पण तुझं म्हणणं असं, की सगळ्याच रेघा मनमानी असतात, फक्त ती कधी मारली एवढंच महत्त्वाचं. पाहिल्यावर मारली तर ती रेघ नाही. महिनाभर आपण यावरून एकमेकांचं डोकं खाल्लं. मी तुला आडमुठा म्हटलं, तू मला पाणाड्या म्हणालास. ते मला फार लागलं, आणि ते तुला पक्कं कळलं होतं, कारण पुढच्या शनिवारी तू उगाचच माझ्या तब्येतीची चौकशी केलीस.

मग तू गेलास, आणि तिसऱ्याच दिवशी तुझ्या प्राचार्यांचा फोन आला. माणूस चांगला आहे. ते म्हणाले, "मॅडम, कॉलेजात श्रद्धांजली सभा ठेवतोय. पत्रकार येतील. सरांचं संशोधन त्या दिवशीच जाहीर करू या. मुलं म्हणतात ती नवी दीर्घिका धरली तर निकाल मोठा दिसण्याची शक्यता आहे. सरांच्या नावावर खामगावातून एवढा शोध लागला, याहून मोठी श्रद्धांजली कोणती?"

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. खरं सांगू? त्या क्षणी मला हे हवं होतं. तुझं नाव एका मोठ्या निबंधावर पहिलं लागावं, ज्या मागच्या रांगा हसल्या त्यांनी ते वाचावं, मायला कोणीतरी वर्तमानपत्र दाखवावं. आणि माझं म्हणणं तर आधीपासून हेच होतं. आता नाही म्हणायला तू नव्हतास. फक्त रेघ खाली घ्यायची आणि पेटी उघडायची. अर्ध्या तासाचं काम. कोणालाही कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी कोणी आक्षेप घेतला नसता, कारण मेलेल्या माणसाच्या नावानं केलेल्या गोष्टीवर कोण बोट ठेवतं?

मी आधी संग्रामपूरला आले. तुझ्या घरी पुण्यानुमोदनाची तयारी चालली होती. ओसरीत पांढरी चादर अंथरलेली, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींशेजारी तुझा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. त्यात तू फारच शहाण्यासारखा दिसतोस. मायनं मला जवळ बसवलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता, पण चहा तिनंच केला, दुसऱ्या कोणाला करू दिला नाही. चहाला तीच आपल्या पाण्याची खारट चव. पुण्यात इतकी वर्षं काढली तरी मला चहा इथलाच लागतो.

माय म्हणाली, "आला तवा हासूनच राह्यला होता व. मी म्हनलं, काय झालं रे? त म्हने, रेखा काई आयकत नाही. लय जिद्दी हाये म्हने."

"मी?" मी म्हटलं. "तोच ऐकत नव्हता, माय."

"मंग मिटलं का तुमचं भांडन?"

"नाही. अर्धवट राहिलं."

तिनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला. "अर्ध सोडू नको," ती म्हणाली. "त्याले अर्ध टाकलेलं कधी आवडलं नाही. ताटातलंही नाही." आणि ती आत गेली.

मी दुपारच्या एसटीनं खामगावला निघाले. सभा दुसऱ्या दिवशी होती. वरवट बकाल गेलं. खिडकीतून काकाचं वावर दिसतं का ते पाहत होते. आता तिथं तुरी आहेत, तो बोअर केव्हाचा बुजवला, खुंटी तर कोणी चुलीत घातली असेल. पुढं पूर्णेचा पूल आला, मी सवयीनं फोनकडे पाहिलं, रेंज गेलेली होती. तिथं, पुलावर, मला खुंटीच्या गोष्टीचा राहिलेला भाग आठवला. आपण ती गोष्ट विद्यार्थ्यांना इतक्यांदा सांगितली, पण नेहमी हशा पिकतो तिथंच थांबवली. टोपी-उपरण्यापाशी.

त्यानंतर काय झालं होतं? पाणाड्या टोपी घालून निघाला, तेव्हा तू त्याच्या मागं पांदणीपर्यंत गेलास. मीही आले होते. मला वाटलं, आता तू त्याची जिरवणार. तू त्याला म्हणालास, "बावाजी, झालं थे झालं. हे पानी मी मोजत नाही, ना तुमच्या बाजूनं ना तुमच्या इरोधात. आता दुसरी जागा दाखवा, मी पुन्हा खुंटी ठोकतो. तथी लागलं त गावभर तुमचं नाव सांगीन." म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाला, पाहू पुढच्या साली. तो पुन्हा आला नाही. पण तू त्याला खोटं पाडायला गेला नव्हतास. तुला खरंच बघायचं होतं, त्याला येतं का ते.

मघावालीचंही तेच आहे. ज्या कणामुळे ती आपल्या नजरेत आली तो कण तिच्या बाजूनं मोजता येत नाही. पण म्हणून तिला कायमचं दाराबाहेरही ठेवता येत नाही. तिच्यासाठी नवी खुंटी ठोकायची, आणि त्यानंतर जे येईल तेवढंच मोजायचं. इतकं सरळ आहे हे. महिनाभर भांडत बसलो आपण, आणि दोघंही बरोबर होतो.

त मंग... याच्यापुढं तू हेच म्हणणार होतास का? मला वाटतं, हेच. पण मी तसं कोणाला सांगणार नाही. तू अर्धं बोललास, मला उत्तर सापडलं आणि आता मी म्हणावं की मिलिंद हेच म्हणत होता. त्या म्हाताऱ्यानं दुसरं काय केलं होतं? तुझं वाक्य अर्धंच राहील. पुढचं वाक्य माझं आहे आणि त्याची जबाबदारीही माझी.

सभा तुझ्या त्या मोठ्या वर्गात झाली. प्राचार्य बोलले, दोन-तीन जण बोलले, एकानं तुला 'विदर्भाचा तारा' म्हटलं, तू ऐकलं असतंस तर बाकाखाली गेला असतास. मग मला बोलावलं. समोर पत्रकार वही उघडून बसले होते. मी सांगितलं की आज कुठलाही शोध जाहीर होणार नाही. यादी मिलिंदनं ठरवली तीच राहील, रेघ तिथंच राहील, आणि खोट्या आकाशांची तपासणी मुलं पूर्ण करतील तेव्हाच पेटी उघडेल, आधी नाही. मग मी मघावालीबद्दल सांगितलं. म्हटलं, या एका दीर्घिकेसाठी आज मी सगळ्यांसमोर खुंटी ठोकते आहे. आजनंतर बर्फात जे उमटेल तेवढंच तिच्या हिशेबात धरायचं. त्याआधीचं काही नाही, ज्यानं आम्हाला ती दाखवली तो कणसुद्धा नाही. असे कण फार क्वचित येतात, म्हणून बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत मध्येच डोकावायचं नाही.

एका पत्रकारानं वही मिटली. प्राचार्यांचा चेहरा पडला आणि मला त्यांचं वाईटही वाटलं. मागून तुझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, बारा वर्सानं काईच नाही निघालं त?" मी म्हटलं, तर तसं लिहायचं, तुमच्या सरांचं नाव घालून. ती वहीत ते लिहून घेऊ लागली. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की हे काम चालू राहील.

चार-पाच दिवसांत तपासणी उरकली. शनिवारी दुपारी, तुझ्या वेळेला, त्या धुळीच्या खोलीत आम्ही पेटी उघडली. या वेळी मी पडद्यावर नव्हते, खोलीत होते, तुझ्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीवर. तुझी मोकळी ठेवली होती. मृगाजवळची ती आणि तिमिंगलातली ती, दोघी जगाला माहीत आहेत तेवढ्याच जराशा वर दिसल्या. बाकी सगळी यादी योगायोगातून वेगळी काढता येण्यासारखी नव्हती. नवं काहीच नाही. मुलं हिरमुसली. मी त्यांना म्हटलं, आपल्या मोजपट्टीनं माहीत असलेलं बरोबर दाखवलं आणि नसलेलं उगाच दाखवलं नाही, मिलिंद सरांनी आज सगळ्यांना भजी खाऊ घातली असती. मग आम्ही खरंच भजी आणली. खाताना एक जण रडायला लागला आणि मग कोणालाच आवरलं नाही, मलाही नाही.

तेच आता आम्ही लिहितो आहोत. निबंध छोटा आहे, शोधाचा नाही. तुझं नाव पहिलं आहे. कोणी वर्तमानपत्रात छापणार नाही.

मघावालीच्या दिशेनं येणारे इशारे मी बंद करून टाकले आहेत. कॉलेजच्या संगणकावरचेही. बारा वर्षांनी मी साठी ओलांडलेली असेन, निवृत्त झालेले असेन, डोळ्यांचं काय होईल माहीत नाही. म्हणून पद्धत सगळी त्या मुलांना शिकवून ठेवते आहे. दर महिन्याला एक शनिवार मी खामगावला येणार, पडद्यावरून नाही, स्वतः. पुण्यातल्या संस्थेनं विचारलं की याची काय गरज आहे. मी म्हटलं, आहे.

परवा एक गोष्ट लक्षात आली ती तुला सांगायची राहिली. मघावालीकडून कण निघाले तेव्हा आपला सातपुडाही नव्हता. इतकी वर्षं ते चालत आहेत. म्हणजे पुढच्या वर्षी जो कण बर्फात उमटेल तो आता अगदी जवळ येऊन ठेपलाय, एका वर्षाच्या वाटेवर. आपण फोनवर भांडत होतो तेव्हाही तो येतच होता. बारा वर्षांचे सगळेच वाटेत आहेत. येत असतील तर. ते 'तर' मी खोडत नाही, तू असतास तर तूच ते मोठ्या अक्षरांत लिहिलं असतंस.

तू माझ्यासाठी एसटीत रुमाल टाकायचास, त्याबद्दल मी तुला कधी 'आभारी आहे' म्हटलं नाही. आपल्याकडे तसं म्हणत नाहीत. आज म्हणते. त्या जागेमुळे मी रोज कॉलेजला पोचले आणि पुढचं सगळं त्यातून आलं.

निघण्याआधी पुन्हा संग्रामपूरला जाऊन आले. मायला सांगितलं, भांडण मिटवायचं ठरलंय, पण त्याला बारा वर्षं लागतील. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि ही चेष्टा नाही हे तिला कळलं. तुझी माय आता ऐंशीला टेकली आहे. तिनं बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं, मग ते सोडून दिलं.

"बरं," ती म्हणाली. "तवरोक चहाले येत राहजो."